शिरगणती

आमच्या माणदेशात दिवस मावळताना धनगर मेंढरं वाडग्यात घेतो, तेव्हा वाडग्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहतो. एकेक मेंढरू काठीखालून आत जातं आणि त्याचे ओठ हलत असतात. एखादं कमी भरलं तर भाकरी तशीच झाकून ठेवून तो माळ धुंडाळायला निघतो. मेंढरू चुकलं असेल, लांडग्यानं नेलं असेल. पण ते आपल्या मनानंच परत यायचं नाही म्हणून कुठं बसून राहिलं असेल, असं काही त्याच्या डोक्यात येत नाही.

१९५३ साली मी कोरियात गेलो तो माणसं मोजायला. बावीस हजारांवर माणसं होती आणि त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं : आम्हाला घरी पाठवू नका.

मी हवालदार क्लार्क होतो. मॅट्रिक झालेला, अक्षर बरं, म्हणून रायफलीपेक्षा टाकच जास्त हातात राहिला. वय तेवीस. निघण्याआधी थोडी रजा मिळाली ती गावी काढली. आईनं विचारलं, "मुंबईपेक्षा लांब का रे?" मी हो म्हणालो. किती लांब ते सांगितलं नाही.

खरी पंचाईत केली तात्यांनी. तात्या माझे थोरले चुलते. पहिल्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते. कूतच्या वेढ्यात १४७ दिवस उपाशी काढून २९ एप्रिल १९१६ला सगळी फौज तुर्कांच्या हाती गेली, तीत तेही होते. वेढ्यात घोड्याचं मांस खायची वेळ आली, ते त्यांनी शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही. पुढं वाळवंटातून पायी चालवत नेलं आणि रास अल ऐनकडं रेल्वेच्या कामावर जुंपलं. अडीच वर्षं ते कैदी होते. तिथल्या गोष्टी ते क्वचित सांगत, पण सांगितल्या तर शेवट ठरलेला असे : "रोज उठलं की एकच, घर."

मी कुठं आणि कशाला चाललो ते ऐकून तात्या म्हणाले, "लढाई संपली ना? मग कैदी सोडून द्यायचे. त्याला पलटण कशाला लागते?"

त्यांचं चुकत नव्हतं. १९४९च्या जिनिव्हा करारातही तेच लिहिलंय : लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवावं. पण कोरियाच्या लढाईत हेच कलम अडून बसलं. जून १९५०मध्ये सुरू झालेली ती लढाई वर्षभरात जागच्या जागी थबकली होती, शस्त्रसंधीची बोलणीही सुरू झाली होती. तरी ती आणखी दोन वर्षं चालली, आणि त्यातला मोठा काळ गेला तो कैद्यांच्या प्रश्नावर. अमेरिकेच्या बाजूकडं जे चिनी आणि उत्तर कोरियन कैदी होते, त्यांतले हजारो जण परत जायला तयार नव्हते. ज्याची इच्छा नाही त्याला ढकलू नये, असं एक बाजू म्हणे. इच्छाबिच्छा काही नाही, तुम्ही त्यांना धमकावलंय, असं दुसरी म्हणे. अखेर तोडगा निघाला. असे कैदी तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यायचे, त्यांच्या देशाच्या माणसांनी नव्वद दिवस त्यांची समजूत घालायची, आणि मग ज्यानं त्यानं काय ते ठरवायचं. पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला : भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. आणि प्रत्यक्ष राखणीला फौज एकट्या भारताची. ती सगळी भानगड तात्यांना सांगण्याइतकी मलाच तेव्हा कळली नव्हती.

२७ जुलैला शस्त्रसंधी झाली आणि लवकरच आमची जहाजं निघाली. इंचॉन बंदरासमोर पोचलो तेव्हा कळलं, किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय शिपायाला आपल्या भूमीवर उतरू देणार नाही असं जाहीर केलं होतं. मग आम्हाला अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट दोन्ही फौजांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. तोवर मी मोटारीत बसलो होतो तेही मोजून दहा-बारा वेळा. आमचे सुभेदारसाहेब कोकणातले. खाली उतरल्यावर टोपी सारखी करत म्हणाले, "पाहुण्याला उंबऱ्यावरून नको, म्हणून कौलं काढून आत घेतला."

तो पट्टा चार किलोमीटर रुंद. इकडं एक फौज, तिकडं दुसरी, मध्ये आम्ही. माळ, ओसाड टेकड्या, तंबूंच्या ओळी आणि जिकडं तिकडं काटेरी तार. आमच्या छावणीचं नाव हिंदनगर. आमच्या राखणीच्या फौजेचे, म्हणजे कस्टोडियन फोर्सचे, कमांडर मेजर जनरल थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पलटण लढवली होती आणि डी.एस.ओ. हे पदक मिळवलं होतं. अशा लढवय्या माणसाला इथं न लढायचं काम होतं, आणि आम्हालाही.

सप्टेंबरमध्ये कैदी ताब्यात यायला लागले. १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन, एकूण २२,६०४. हा आकडा मला आजही झोपेतून उठवून विचारला तर सांगेन. ते आले ते निशाणं नाचवत, डबे बडवत, घोषणा देत. आम्ही त्यांना कम्युनिस्टांच्या हवाली करायला आलोय अशी त्यांची समजूत करून दिलेली होती, त्यामुळं पहिल्या दिवसापासून दगड खाल्ले ते आम्ही. उत्तरेच्या बाजूला एक लहान छावणी होती. तिच्यात असेच परतायला नकार देणारे दुसऱ्या बाजूचे ३५९ जण होते : ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश.

दक्षिणेकडच्या छावणीत एकेका कंपाउंडात पाचशेच्या आसपास माणसं. आत आमचा अंमल नावाचाच. प्रत्येक कंपाउंडाचे म्होरके ठरलेले, त्यांच्या हाताखाली त्यांचे पहारेकरी. तिथं सकाळची गिनती म्हणजे एक सोंगच होतं. म्होरक्या तारेशी येऊन आकडा सांगायचा आणि मी तो लिहायचा. आत जाऊन डोकी मोजू म्हटलं की आरडाओरडा सुरू. माझ्या रजिस्टरात तीन रकाने होते : परत जाणार, परत न जाणार, आणि तिसरा तटस्थ देशात जाणार. पहिले कित्येक दिवस मधला रकाना भरलेला आणि दोन्ही बाजूंचे जवळजवळ रिकामे.

पुष्कळ चिनी कैद्यांच्या दंडावर, छातीवर निळी अक्षरं गोंदलेली असत. मला वाटलं, आमच्या बायाबापड्यांसारखी हौस असेल. आमच्याकडं म्हणतात, मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. दुभाष्यानं सांगितलं, ती कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणांची अक्षरं आहेत. काहींनी आपखुशीनं गोंदवून घेतली होती, काहींना धरून गोंदलं होतं. त्यांतले बरेच जण आधी चँग कै-शेकच्या फौजेत होते. १९४९ला ती हरल्यावर माओच्या फौजेत ओढले गेले आणि तिथून कोरियात आले. आता अंगावर ही अक्षरं घेऊन गावी कुठल्या तोंडानं जायचं? ज्याला घरची ओढ आहे त्यालाही घर बंद व्हावं, अशी ती सोय होती.

ज्याला तरीही जायचं असे, तो रात्री तार ओलांडून आमच्या पहाऱ्यावर येऊन पडे. पहिला असा माणूस मी पाहिला तो पहाटे गार्डरूममध्ये. दोन्ही तळहात तारेनं फाटलेले, अंगावर घोंगडी, आणि दात वाजत होते. थंडीनं की भीतीनं, कोण जाणे. त्यानं मला नाव सांगितलं, ते दुभाष्यानं तीनदा म्हणवून घेतलं आणि मी पहिल्या रकान्यात लिहिलं. तो वाकून माझ्या वहीकडं बघत राहिला. त्याला ते अक्षर वाचता येणार नव्हतं. तरी शाई वाळेपर्यंत तो हलला नाही.

सगळेच तारेपर्यंत पोचत नसत. परत जाण्याची इच्छा बोलून दाखवली म्हणून आतल्या आत खून पडले. पुरावा मिळणं कठीण, कारण पाचशेतला एकही तोंड उघडत नसे. सप्टेंबरअखेर एका कंपाउंडात आमच्या एका मेजरसाहेबांनाच कैद्यांनी अडकवून ठेवलं. तारेवरून आलेला माणूस परत द्या, मगच यांना सोडू, असा हट्ट. बाहेर पलटण तयार उभी होती. हुकूम दिला असता तर पाच मिनिटांत रक्ताचा सडा पडला असता, आणि बहुधा पहिला जीव मेजरसाहेबांचाच गेला असता. थोरातसाहेब स्वतः आत गेले, त्यांच्या गराड्यात उभं राहून बोलले आणि मेजरसाहेबांना घेऊन बाहेर आले. त्या रात्री लंगरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दरवेळी असं निभावलं नाही. ऑक्टोबर उजाडता उजाडता तार तोडून येणाऱ्या जमावावर गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले. ती नोंद माझ्याच हातची. त्यासाठी निराळा रकाना नव्हता, तो मला पट्टी घेऊन आखावा लागला.

त्या सहा महिन्यांत शौर्य म्हणजे काय ते मी एका जाट जवानाकडून शिकलो. तारेच्या आतून त्याच्या तोंडावर थुंकले होते. तो लाठी घेऊन तसाच उभा. पहारा बदलल्यावर त्यानं पाण्याच्या टाकीवर जाऊन तोंड धुतलं आणि मला म्हणाला, "बाबूजी, भैंस भी लात मारती है, तो क्या बेच दें?" आणि चहा घ्यायला गेला. हातात काही नसताना सहन करणं निराळं. ह्याच्या मागं मशीनगन होती.

१५ ऑक्टोबरपासून समजूत घालण्याचं काम सुरू झालं. त्यासाठी तंबू उभारले होते. आत टेबलापलीकडं कैद्याच्या देशाचे अधिकारी, बाजूला तटस्थ देशांचे प्रतिनिधी, दुभाषे, आणि कैद्याला धरून आमचे जवान. तंबूला बाहेर पडायची दोन दारं : एक मायदेशाकडं जाणारं, दुसरं जिथून आला तिथंच. अधिकारी गोड आवाजात सांगायचे, आई वाट बघतेय, जमीन मिळालीय, कुणी शिक्षा करणार नाही. कैदी ओरडायचा, घोषणा द्यायचा, खुर्ची उचलायला धावायचा. काही जण मुकाट बसून राहायचे आणि मग ठरलेल्या दारानं निघून जायचे. एका माणसाला तास तास धरून बसवलं जायचं. पुढं तर कंपाउंडंच्या कंपाउंडं बाहेर यायला नकार देऊ लागली. कधी ह्या बाजूनं खोडा, कधी त्या बाजूनं. नव्वद दिवसांतले जेमतेम दहा दिवस हे काम झालं. २३ डिसेंबरला मुदत संपली, तेव्हा बहुसंख्य कैदी त्या तंबूत आलेलेच नव्हते.

तोवर थंडी अशी पडली होती की दौतीतली शाई गोठायची. मी दौत कोटाच्या आत, बनियनला लावून ठेवायचो. रात्री तंबूत शेगडीभोवती बसलं की बोलणं घरावरच यायचं. कुणाची म्हैस व्याली असेल, कुणाची बहीण उजवायची राहिली होती. आम्ही परतीचे दिवस बोटांवर मोजत होतो, आणि दोनशे हात पलीकडं हजारो माणसं घर नको म्हणून ओरडत होती. वाटायचं, ही माणसं कशाची बनली आहेत? आणि मग तो तळहात फाटलेला माणूस आठवायचा. ओरडणाऱ्या पाचशेत त्याचाही आवाज काल-परवापर्यंत होताच की.

वर्षअखेरीला साहेबांनी ठरवलं, म्होरक्यानं सांगितलेला आकडा पुरे झाला, आता डोकी मोजायची. एकेक माणूस तारेबाहेर येईल, एकटाच चालत आमच्या टेबलासमोरून जाईल आणि पलीकडं निघून जाईल. परत जायचं असेल तर त्यानं तिथं सांगावं. भाषण नाही, तंबू नाही, गराडा नाही. मागचा माणूस बऱ्याच अंतरावर थांबलेला.

मी टेबलाशी बसलो होतो. अगदी वाडग्याच्या तोंडाशी आमचा धनगर असतो तसाच. माणसं येत गेली. बहुतेक जण समोर बघत झपझप निघून गेले. मग एक आला, पस्तिशीचा असेल, थोडा लंगडत. टेबलापाशी त्याची चाल मंदावली. त्यानं आधी मागं पाहिलं, मग पुढं पाहिलं. दोन्हीकडं हाकेच्या अंतरात कुणी नव्हतं. तीन महिन्यांत त्याला अशी मोकळी जागा पहिल्यांदाच मिळाली असावी. तो काही बोलला नाही. नुसता माझ्या टेबलाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्यानं कड घट्ट धरली. दुभाष्यानं विचारलं. त्यानं मान हलवली. त्याची बोटं सोडवून जवानांनी त्याला मोटारीकडं नेलं.

त्या शिरगणतीत शंभरावर चिनी कैद्यांनी परत जायचं म्हणून सांगितलं. नव्वद दिवसांच्या समजुतीनं जेवढं साधलं, जवळपास तेवढं एका मोजणीनं साधलं. आमच्याकडून त्यांना काही मिळालं असेल तर चार पावलांची एकटी वाट. बाकी काही आम्ही दिलं नाही. ती आधीच का दिली नाही, हा सल माझ्या मनात अजून आहे. मोजू देत नाहीत म्हणून मी शंभर दिवस खोटा आकडा लिहीत राहिलो, आणि त्या आकड्याच्या आड किती जण गप्प उभे होते ते मला कधीच कळणार नाही.

जानेवारीत उरलेले कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याकडं परत दिले. तिथून चिनी फॉर्मोसाला, म्हणजे तैवानला गेले. उत्तरेच्या छावणीतल्या अमेरिकनांपैकी दोघांनी विचार बदलला, एकवीस जण तिकडंच राहिले. आणि तिसऱ्या रकान्यात अठ्ठ्याऐंशी नावं झाली : ७६ कोरियन, १२ चिनी. त्यांना ना हे घर हवं होतं ना ते. ते आमच्याबरोबर 'आस्तुरियास' जहाजानं निघाले आणि फेब्रुवारी १९५४मध्ये मद्रासला उतरले. जहाजावर त्यांतला एक कोरियन पोरगा कठड्याशी उभा राहून तासन्‌तास पाण्याकडं बघायचा. खुणेनं विचारलं, काय बघतोस? त्यानं एक बोट मागं दाखवलं, एक पुढं, आणि दोन्ही हात झटकले. पुढं त्यांतले बरेच जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले. काही भारतातच राहिले.

मी कोरेगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. घरी पोचलो तर आईनं उंबऱ्यातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मग आत घेतलं. मला घरी यायचंय का, हे कुणी विचारलं नाही.

रात्री तात्या कांबळ्यावर येऊन बसले. म्हणाले, "गेले का कैदी घरी?"

मी म्हणालो, "थोडे गेले. बाकीचे जात नाही म्हणाले."

"किती जात नाही म्हणाले?"

"एकवीस हजारांवर."

तात्या बराच वेळ गप्प राहिले. वाळवंटातली अडीच वर्षं त्यांनी मनातल्या मनात पुन्हा चालून पाहिली असावीत. मग उठताना म्हणाले, "तुझं मोजण्यात काहीतरी चुकलंय. कैदी असं म्हणत नसतो."

तात्या जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी नव्वदी ओलांडली. हिशोब मात्र मी अधूनमधून कागदावर मांडून बघतो. परत गेले ६२८. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडं परत दिले २१,८३९. भारतात आले दक्षिणेच्या छावणीतले ८६. अठ्ठ्याऐंशीतले बाकीचे दोघे उत्तरेच्या छावणीतले. ताब्यात असताना मेले ३८. पळाले किंवा सापडले नाहीत असे १३. बेरीज २२,६०४. एकाचाही फरक पडत नाही.